मदरबोर्डाची निवड आणि काटकसरीचा विवेक

हल्लीं कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील विद्यार्थिवर्गांत खेळाच्या संगणकाची हौस फार वाढली आहे, ही गोष्ट कोणाही शिक्षकाच्या वा पालकाच्या नजरेंतून सुटण्यासारखी नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं जो मुलगा मोबाइलच्या पडद्यावर समाधान मानीत होता, तोच आतां टेबलावर ठेवावयाचा, भाग निवडून जोडलेला, मोठमोठे खेळ झेपणारा संगणक मागूं लागला आहे. ही मागणी घरीं निघाली कीं वडील मंडळी दोन प्रकारें वागतात. कांहीं जण "खेळासाठीं एक कवडीही मिळणार नाहीं" असें म्हणून विषय बंद करितात. आणि कांहीं जण मुलाच्या हट्टापुढें हार खाऊन, दुकानदार जें सांगेल तें मुकाट्यानें घेऊन येतात. पहिल्या प्रकारानें मुलाचें मन मोडतें आणि दुसऱ्यानें घरचा पैसा जातो. या दोहोंमधला जो विवेकाचा मार्ग, त्याचा विचार करण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

खेळ बरा कीं वाईट, हा वाद आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. अभ्यास सांभाळून जो खेळतो त्यास खेळूं द्यावें, एवढें आमचें मत सांगून पुढें जातों. आमचा प्रश्न निराळा आहे, आणि तो पैशाचा आहे. खोपोलीच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा, अथवा पहांटेची लोकल धरून मुंबईस नोकरीला जाणारा गृहस्थ या यंत्रासाठीं पन्नास-साठ हजार रुपये बाजूला काढतो, तेव्हां ते रुपये कोठून आले हें त्या घरास पुरें ठाऊक असतें. धाकट्या बहिणीची शिकवणी, पावसाळ्यापूर्वींची छपराची डागडुजी, आजीचें औषध, यांच्या शेजारींच तो पैसा ठेवलेला असतो. म्हणून त्यांतील एक रुपयाही दिखाऊपणांत जाऊं नये आणि एक रुपयाही फसवणुकींत जाऊं नये, असें आम्हांस वाटतें. संगणकाच्या सर्व भागांत हे दोन्ही धोके जेथें एकत्र येतात, तो भाग म्हणजे मदरबोर्ड होय.

मदरबोर्ड म्हणजे संगणकाचे बाकीचे सर्व भाग ज्या पाटीवर बसतात ती पाटी. प्रोसेसर तिच्या सॉकेटांत बसतो, मेमरीच्या पट्ट्या तिच्या खांचांत उभ्या राहतात, चित्रें काढणारें ग्राफिक्स कार्ड तिच्या लांब खांचेंत शिरतें, आणि या सर्वांचें आपसांतील दळणवळण तिच्या अंगांतील तांब्याच्या रेघांतून चालतें. सन १९८१ मध्यें आयबीएम कंपनीनें आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर विकावयास काढला, तेव्हां त्याच्या पाटीवर जोडकार्डांसाठीं पांच खांचा होत्या. सन १९९५ मध्यें इंटेल कंपनीनें एटीएक्स नांवाचें माप ठरवून दिलें, आणि ३०५ बाय २४४ मिलिमीटरांची ती पाटी आजतागायत रूढ आहे. तिची धाकटी बहीण जी मायक्रो-एटीएक्स, ती दोन्ही बाजूंनीं २४४ मिलिमीटर असते. बेताच्या किंमतीच्या संगणकास बहुधा हीच पुरते. मोठी पाटी म्हणजे वेगवान पाटी, असा समज कोणी करून घेऊं नये. मोठ्या पाटीवर खांचा अधिक असतात, इतकेंच.

येथें एक गोष्ट आरंभींच स्पष्ट करून ठेवली पाहिजे. मदरबोर्ड स्वतः खेळ चालवीत नाहीं. हिशेब प्रोसेसर करितो आणि चित्रें ग्राफिक्स कार्ड काढतें. तोच प्रोसेसर व तेंच कार्ड दहा हजारांच्या पाटीवर आणि तीस हजारांच्या पाटीवर बसवून खेळ चालविला, तर पडद्यावर दिसणारा फरक नगण्य असतो. मात्र त्या स्वस्त पाटीनें प्रोसेसरास लागेल तितकी वीज निर्वेध पुरविली पाहिजे. सगळी मेख या "मात्र" मध्यें आहे, आणि ती ज्यास उमगली त्यास दुकानदार सहसा फसवूं शकत नाहीं.

वीज पुरविणें म्हणजे काय, हें समजण्यास आमच्या भागांतील विद्यार्थ्यांस दूर जावयास नको. सन १९१५ पासून घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी नळांतून पांचशें मीटरांहून अधिक खालीं खोपोलीस उतरतें आणि टाटांच्या वीजगृहांतील चक्रें फिरवितें. कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें वीजगृह त्याच्या मागून, सन १९२२ मध्यें सुरू झालें. तेथें निघालेली वीज मोठ्या दाबानें तारांतून मुंबईकडे जाते, आणि वापराच्या ठिकाणीं तिचा दाब पायरीपायरीनें उतरविला जातो. कारण मोठा दाब दूर नेण्यास सोयीचा, आणि लहान दाब वापरण्यास. हेंच काम लहान प्रमाणावर संगणकाच्या पेटींत चालतें. आपल्या घरीं २३० व्होल्टांची वीज येते. संगणकाचा पॉवर सप्लाय तिचे १२ व्होल्ट करितो. प्रोसेसरास तर अवघे एक-सव्वा व्होल्ट लागतात. शेवटची ही पायरी उतरविणारी जी यंत्रणा मदरबोर्डावर सॉकेटाच्या शेजारीं बसविलेली असते, तिला व्हीआरएम असें म्हणतात.

आतां थोडें गणित करूं. प्रोसेसर १२० वॅट वीज खात असेल आणि दाब १.२ व्होल्ट असेल, तर १२० भागिलें १.२, म्हणजे १०० अँपिअर इतका प्रवाह त्या दोन बोटें जागेंतून वाहतो. घरांतील गीझरची मोठी पिन १६ अँपिअरांची असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे या कामाचा भार ध्यानांत येईल. हा भार एकट्यानें वाहणें शक्य नसल्यामुळें तो अनेक फेजांत वांटलेला असतो, जशी पालखी अनेक भोई मिळून आळीपाळीनें वाहतात. भोई थोडे आणि अशक्त असले तर ते तापतात; ते फार तापले म्हणजे प्रोसेसरचा वेग आपोआप उतरतो, आणि ऐन खेळांत चित्र अडखळूं लागतें. शिवाय तेथेंच कपॅसिटर नांवाचे विजेचे लहान हौद असतात. या शतकाच्या आरंभीं सदोष कपॅसिटर वापरल्यामुळें जगभर पुष्कळ मदरबोर्ड फुगून निकामी झाले होते, आणि पुढें घन प्रकारचे कपॅसिटर वापरण्याची चाल पडली. द्रव प्रकारच्या कपॅसिटरचें आयुष्य दर दहा अंश उष्णतेमागें निम्मे होतें, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. ज्या प्रदेशांत चैत्र-वैशाखांत पारा चाळीस अंशांस जाऊन भिडतो, तेथें हा ठोकताळा विसरून चालणार नाहीं. म्हणून व्हीआरएमवर धातूचें हीटसिंक बसविलेलें आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहून घेणें, हा आमच्या मतें निवडीचा पहिला नियम होय.

परंतु भोई किती हवेत हें पालखीच्या वजनावरून ठरतें. घाट चढून लोणावळ्यास जाणाऱ्या गाड्यांस कर्जत स्थानकावर मागून जादा इंजिनें लावितात, हें आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. त्याच स्थानकांतून मुंबईकडे सुटणाऱ्या लोकलला मात्र तीं इंजिनें कोणी लावीत नाहीं. प्रोसेसरचेंही असेंच आहे. इंटेलचा आय-९ १४९००के हा प्रोसेसर पूर्ण भरांत २५३ वॅटांपर्यंत वीज घेतो. त्याला थोर पाटी हवीच. परंतु एएमडीचा रायझन ५ ५६०० सुमारें ७६ वॅटांत काम भागवितो, आणि इंटेलचा आय-५ १२४००एफ कमाल ११७ वॅटांपर्यंत जातो. बेताच्या किंमतीच्या खेळाच्या संगणकांत बहुधा असलेच प्रोसेसर बसतात. त्यांच्यासाठीं अठरा-वीस फेजांची पाटी घेणें म्हणजे सपाट मार्गावरच्या लोकलला घाटाचीं इंजिनें जोडणें होय. इंजिनांचा खर्च होतो, आणि गाडी वेळेच्या आधीं कांहीं पोहोंचत नाहीं.

यावर एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. "महाग वस्तु अधिक दिवस टिकते, पुढें नवा प्रोसेसर घालतां येईल, म्हणून आज थोडे पैसे जास्त टाकावे," असें पुष्कळ जाणते लोकही म्हणतात. पितळेच्या भांड्याविषयीं हें म्हणणें खरें असेल. मदरबोर्डाविषयीं तें फार थोडें खरें आहे. इंटेलची झेड-२७० ही उंची चिपसेटाची पाटी २०१७ च्या जानेवारींत बाजारांत आली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत नवे प्रोसेसर निघाले. त्यांचें सॉकेट दिसावयास तेंच होतें, परंतु त्यांस झेड-३७० ची नवी पाटी लागूं लागली. पुष्कळ पैसे मोजून झेड-२७० घेणारांची पुढची वाट एका वर्षाच्या आंत बंद झाली. याच्या उलट एएमडीची बी-४५० ही मध्यम किंमतीची पाटी पाहावी. ती २०१८ सालीं निघाली, आणि २०२२ सालीं निघालेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा त्या काळचा अव्वल खेळाचा प्रोसेसर, नुसतें बायोस बदलून, तिच्यावर चालूं लागला. यावरून काय सिद्ध होतें? पाटीचें भविष्य तिच्या किंमतींत नसतें. तें तिच्या सॉकेटांत आणि बायोस देणाऱ्या कंपनीच्या निष्ठेंत असतें.

किंमत हें संकटनिवारणाचेंही कवच नव्हे. सन २०२३ मध्यें रायझन ७०००च्या कांहीं प्रोसेसरांस पाट्यांकडून जादा व्होल्टेज गेल्यामुळें ते जळल्याच्या तक्रारी जगभर झाल्या, आणि पाट्या करणाऱ्या कंपन्यांनीं तें व्होल्टेज १.३ च्या आंत ठेवणारें नवें बायोस काढलें. सन २०२४ मध्यें इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे कांहीं प्रोसेसर अशाच जादा व्होल्टेजानें अस्थिर होऊं लागले. तेथेंही उपाय नव्या बायोसाचाच निघाला. दोन्ही वेळां महाग पाटीच्या मालकास व स्वस्त पाटीच्या मालकास एकच काम करावें लागलें. बायोस अद्ययावत ठेवणें हें काम फुकट होतें. परंतु तें पुष्कळांस ठाऊकच नसतें. ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या पाटीचें बायोस वेळोवेळीं येत असतें, तीच कंपनी पसंत करावी, असा दुसरा नियम आम्ही यावरून काढतों.

आतां दुसऱ्या टोंकाच्या चुकीकडे वळूं. कारण गरीब घराचा पैसा उधळपट्टीपेक्षां याच वाटेनें अधिक जातो. बाजारांत "खेळाचा संगणक, अवघ्या इतक्या हजारांत" अशा जाहिराती दिसतात. पेटी कांचेची असते, पंखे रंगीत दिव्यांचे असतात. आंत पाहावें तर पाटी एच-६१ जातीची निघते. हा चिपसेट २०११ सालचा आहे. त्यावर बसणारे प्रोसेसर फार जुने, आणि विंडोज ११ ला तर ते अधिकृतपणें चालतच नाहींत. कारण या प्रणालीस इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्या पुढील प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. व्हॅलोरंटसारखा मुलांचा आवडता खेळही विंडोज ११ वर टीपीएम व सिक्युअर बूट मागतो. म्हणजे ज्या खेळासाठीं हट्ट धरला, तोच खेळ त्या यंत्रावर नीट चालावयाचा नाहीं. असें यंत्र स्वस्त नसतें. तें फक्त आरंभीं स्वस्त दिसतें.

मग निवडावें तें कसें? आम्ही क्रमानें सांगतों. प्रथम प्रोसेसर ठरवावा, आणि मग त्याच्या सॉकेटाची पाटी शोधावी. पाटी आधीं घेऊन प्रोसेसर शोधूं नये. सॉकेटांत आज मुख्यतः चार नांवें कानांवर येतील. एएमडीचें एएम-४ हें जुनें, स्वस्त व परिपक्व; त्याचें पुढचें आयुष्य थोडें, परंतु आजचें काम चोख. एएमडीचें एएम-५ हें २०२२ सालीं आलें, आणि तें २०२७ पर्यंत तरी चालवूं असें कंपनीनें जाहीर केलें आहे. इंटेलचें एलजीए-१७०० हें बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीपुरतें; आणि एलजीए-१८५१ हें २०२४ सालचें. सॉकेटानंतर चिपसेटाचें अक्षर पाहावें. एएमडीमध्यें ए, बी व एक्स, आणि इंटेलमध्यें एच, बी व झेड अशा चढत्या पायऱ्या आहेत. प्रोसेसरचा वेग ठरीव मर्यादेबाहेर चढविण्याची हौस ज्यास असेल, त्यानें इंटेलमध्यें झेड घ्यावा. इतरांनीं बी वर थांबावें. बी-५५०, बी-६५०, बी-७६० हीं अशा मधल्या पायरीचीं नांवें होत, आणि आमच्या मतें मध्यमवर्गीय घराची जागा या पायरीवर आहे.

तिसरी गोष्ट मेमरीची. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या खांचेंत बसत नाहीं. बी-७६० च्या पाट्या दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून पेटीवरचें नांव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावें. सन २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर एकाएकीं चढले. अशा वेळीं घरांत किंवा नात्यांत डीडीआर-४ च्या चांगल्या पट्ट्या पडून असतील, तर त्या वापरतां येतील अशी पाटी घेणें हीच खरी काटकसर होय. दोन खांचांच्या पाटीवर आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या लाविल्या, तर सोळा जीबीच्या एकाच पट्टीपेक्षां काम चांगलें होतें, कारण तेव्हां दोन मार्गांनीं माहितीची ने-आण चालते. मात्र पुढें पट्ट्या वाढविण्याचा विचार असल्यास चार खांचांची पाटी पाहावी.

चौथी गोष्ट ग्राफिक्स कार्डाच्या खांचेची. बी-४५० व ए-५२० या पाट्यांवर ही खांच पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीची असते. बी-५५० वर ती चौथ्या पिढीची, म्हणजे दुप्पट रुंद वाटेची. सोळाही मार्ग वापरणाऱ्या कार्डास याचें फारसें अडत नाहीं. परंतु स्वस्त कार्डें बहुधा थोडेच मार्ग वापरतात. सन २०२२ मधील आरएक्स ६५०० एक्सटी हें कार्ड अवघे चार मार्ग वापरतें, आणि तिसऱ्या पिढीच्या पाटीवर तें स्पष्ट मंदावतें. आरटीएक्स ४०६० आठ मार्ग वापरतें. म्हणजे ज्याचें कार्ड स्वस्त, त्यासच पाटीची पिढी अधिक जपून पाहावी लागते, ही उलटी वाटणारी गोष्ट ध्यानांत ठेवावी. याखेरीज एम-२ जातीच्या साठवण-पट्टीसाठीं निदान एक, शक्य तर दोन खांचा असाव्या. आणि प्रोसेसर न बसवितांही बायोस बदलतां येईल असें बटण पाटीच्या पाठीमागें असेल तर तें उपकारक समजावें, कारण दुकानांत पडून राहिलेली जुनी पाटी नव्या प्रोसेसरास ओळखत नाहीं असें पुष्कळदां घडतें.

आतां पैशाची वांटणी. असें समजा कीं एका घरीं पेटींतील सर्व भागांसाठीं साठ हजार रुपये निघाले. आमच्या मतें त्यांतील सहावा ते सातवा हिस्सा, म्हणजे साडेआठ ते दहा हजार रुपये, पाटीस पुरेसे आहेत. सॉकेट नवें घ्यावयाचें असल्यास आणखी दोन-तीन हजार. तीच पाटी बावीस हजारांची घेतली, तर ते बारा हजार कोणाच्या तरी वांट्यांतून जाणार. बहुधा ते ग्राफिक्स कार्डाच्या वांट्यांतून जातात, आणि मग खेळ अडखळतो. नाहीं तर पॉवर सप्लायच्या वांट्यांतून जातात, आणि मग सगळें यंत्रच धोक्यांत येतें. त्या जादा पैशांत मिळतें काय? रंगीत दिव्यांची रोषणाई, खांचांवरील चकचकीत कवचें, पांच-सहा साठवण-पट्ट्यांच्या जागा, जलद जाळ्याचें पोर्ट. ज्याच्या घरीं इंटरनेट मोबाइलवरून येतें, त्याला तें जलद पोर्ट काय कामाचें? त्यानें त्याऐवजीं वाय-फाय असलेली साधी पाटी घ्यावी. गरज पाहून घेतलेली सोय ती सोय. इतरांस दाखविण्यासाठीं घेतलेली सोय ती भूषा.

या वांचलेल्या पैशाला आमच्या दोन तालुक्यांत एक विशेष काम आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशीं पाऊस कसा कोसळतो, हें येथील लोकांस सांगावयास नको. आषाढांत हवा ओलीचिंब होते, वळवाच्या दिवसांत विजा कडाडतात, आणि दिव्यांची ये-जा चालू असते. अशा ठिकाणीं तीस हजारांची पाटी कच्च्या अर्थिंगवर चालविणें म्हणजे भरजरी वस्त्र नेसून चिखलांत उभें राहण्यासारखें आहे. घरांतील तीन पिनांच्या सॉकेटाला खरोखर अर्थिंग आहे कीं नाहीं, हें तारतंत्र्याकडून तपासून घ्यावें. चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय आणि बेताचा यूपीएस घ्यावा. विजा होऊं लागल्या कीं पिन काढावी, आणि इंटरनेटची तार तांब्याची असल्यास तीही काढावी. कारण आकाशांतील वीज त्या तारेच्या वाटेनेंही पाटीच्या पोर्टांत शिरते. पेटी जमिनीवर ठेवूं नये, आणि तिचीं मोकळीं तोंडें बंद ठेवावीं. ऊब शोधीत आलेली पाल किंवा मुंग्यांची रांग तीस हजारांची पाटी आणि दहा हजारांची पाटी यांत भेद करीत नाहीं.

खरेदीच्या जागेविषयीं दोन शब्द. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचें अधिकृत नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, तो या मालाचा जुना व मोठा बाजार. कर्जत किंवा खोपोलीहून जाणारानें दादरला पश्चिम मार्गाची गाडी धरून ग्रँट रोडला उतरावें. तेथें चार दुकानीं भाव विचारावा, आणि इंटरनेटवरचा भाव आधींच लिहून न्यावा. "पावती नको असेल तर कमी करतों" असें कोणी म्हटल्यास नमस्कार करून बाहेर पडावें. दहा हजारांच्या मूळ किंमतीवर शेंकडा १८ प्रमाणें जीएसटी अठराशें रुपये होतो, हें खरें. परंतु पुष्कळ पाट्यांस तीन वर्षांची हमी असते, आणि पक्की पावती नसली तर ती हमी मागावयाची कशाच्या आधारावर? पेटी दुकानांतच उघडावी आणि सॉकेटांतील पिना पाहाव्या. इंटेलच्या आजच्या सॉकेटांत आणि एएमडीच्या एएम-५ मध्यें पिना पाटीवर असतात. त्या केसासारख्या नाजुक असतात, आणि वांकलेल्या पिनेस कंपनी सहसा हमी लागू करीत नाहीं. घरीं येईपर्यंत सॉकेटावरचें झांकण काढूं नये.

शेवटीं पालकवर्गास आमची विनंति अशी कीं, मुलाच्या मागणीस नकार द्यावयाचा असला तरी तो हिशेब पाहून द्यावा, आणि होकार द्यावयाचा असला तरी तो हिशेब पाहूनच द्यावा. आणि विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, तुम्हांस आमचें सांगणें असें कीं, हट्ट धरण्यापूर्वीं एक कागद घ्या. त्यावर प्रत्येक भागाचें नांव, त्याची किंमत, आणि तोच भाग कां, याचें एका ओळींत उत्तर लिहा. मदरबोर्डापुढें "दिसावयास छान आहे" याखेरीज दुसरें उत्तर सुचत नसेल, तर ती ओळ खोडा आणि पुन्हां शोधा. असा कागद ज्या वडिलांच्या हातीं पडेल, ते निदान तो वाचल्याखेरीज खालीं ठेवणार नाहींत. त्यांस फेज आणि सॉकेट कळणार नाहीं कदाचित्. परंतु आपल्या घामाच्या पैशाचा विचार आपल्या मुलानें केला आहे, एवढें त्यांस खास कळेल. आणि ज्यास ही पारख साधली, त्यानें ती स्वतःपुरती ठेवूं नये. शेजारच्या वाडींतला एखादा मुलगा अशीच खरेदी करावयास निघाला असेल, तर त्याच्याबरोबर ग्रँट रोडपर्यंत जावें, आणि त्याच्या घरचेही दहा-बारा हजार रुपये वांचवावे.